नोकरी गेल्यावर घर सजवायला घेतलं? सोलापूरकरांनो, इथं लिहा

धागा काढायचं निमित्त सांगते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेक्स्टाइल युनिटमध्ये मी हिशेब बघायचे. युनिट बंद पडलं, आम्ही सगळे घरी बसलो. त्याच सुमाराला मी हॉलची एक भिंत गडद मोरपंखी करून घेतली, माळ्यावरच्या पितळी समया खाली काढून घासल्या आणि दिवाणावर जरीकाठाच्या उशा टाकल्या. शेजारच्या काकू आल्या, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नोकरी गेली म्हणत होतीस ना गं?"

काकूंचा प्रश्न काही वावगा नव्हता. पण तेव्हापासून ज्याला-त्याला विचारत सुटले आणि असं करणारी मी एकटी नाही हे कळलं. आपल्या गावाला काम जाणं नवीन नाही. जुनी मिल १८७७ साली सुरू झाली, तिचा भोंगा कधीच थांबला. लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात गेली. यंत्रमाग भंगारात गेलेले तर प्रत्येक पेठेत दाखवता येतील. इथं निम्म्या घरांत कुणीतरी "मिल बंद पडली तेव्हा" अशी गोष्ट सांगतंच. त्या गोष्टींत घराचं काय झालं, हे मात्र कुणी सांगत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. काम गेलेला माणूस दिवसभर त्याच चार भिंती बघतो, तेव्हा त्या थोड्या झळकल्या तर बिघडत नाही. कर्ज काढून मात्र नको. तुमचं मत वेगळं असेल तर तसंच लिहा. कंपन्यांची आणि मालकांची नावं टाळा, बाकी कापड, रंग, खर्च, भांडणं सगळं चालेल.

साखर पेठ, पूर्वीचा ग्राफवाला

मी ग्राफ काढायचो. चादरीवर जो मोर दिसतो तो आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढावा लागतो. उभी ओळ ताण्याची, आडवी बाण्याची. मग त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, बाण्याच्या एका ओळीला एक पुठ्ठा, आणि सगळे पुठ्ठे दोरीनं ओवून जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी उठवणाऱ्या यंत्रावर, चढवायचे. इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलं आणि पुठ्ठेच गेले. कॉम्प्युटरवर डिझाइन केलं, पेनड्राइव्ह लावला, माग सुरू. मालक माणूस चांगला. म्हणाले, "अण्णा, आता ग्राफ कुणासाठी काढायचे तुम्हीच सांगा." काय सांगणार?

मेव्हणा पेंटर आहे. त्याच्याबरोबर पुट्टी घासायला जायला लागलो. एका घरी मालकीणबाई मोबाइलवरचा फोटो दाखवून म्हणाल्या, असली सोनेरी नक्षी पाहिजे, पण वॉलपेपर नको, मागच्या वेळी ओलीनं फुगला. मेव्हण्यानं हात वर केले. मी म्हणालो, थांबा, मी काढतो.

घरी जुने ग्राफ होते. त्यातला कोयरीचा घेतला, मोठा केला, ओएचपी शीटवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीटवर, कटरनं कापला. कापताना आतली नक्षी गळून पडू नये म्हणून मधेमधे जोड सोडावा लागतो. हे मला कुणी शिकवायची गरज पडली नाही, कारण ग्राफमध्येही धागा फार लांब मोकळा सोडला की तो लोंबतो, म्हणून मधे टाका घ्यावाच लागतो. तीच अक्कल इथं कामाला आली.

करणाऱ्यांसाठी सांगतो. खालचा रंग मॅट पाहिजे, आणि गडद. सोनेरी रंग पांढऱ्यावर पिवळट दिसतो, जांभळ्यावर किंवा बाटलीच्या हिरव्यावर उठतो. स्पंज रंगात बुडवायचा नाही. रंग लावून कागदावर टिपायचा, जवळजवळ कोरडा झाला की भिंतीवर हलक्या हातानं थापायचा, आणि दोन हात द्यायचे. ओला स्पंज म्हणजे शीटखाली रंग पसरलाच म्हणून समजा. आणि कोपऱ्यापासून सुरुवात करू नका. आमच्या पेठेतली एक भिंत सरळ निघाली तर मी जेवण घालतो. ओळंबा सोडून मधली रेघ मारायची आणि तिथून दोन्हीकडे जायचं. कोपऱ्यात जे कमी-जास्त होईल ते कपाटामागं जातं.

आता चौरस फुटावर काम घेतो. मिळकत ग्राफच्या दिवसांइतकी झाली का? लग्नसराईत आणि दिवाळीआधी होते, एरवी नाही. बायको म्हणते, निदान आता तुमचा मोर कुणाच्या तरी पायाखाली जात नाही.

रेल्वे लाइन्स

पुण्यातल्या कंपनीनं नोकरी गेल्याचं व्हिडिओ कॉलवर सांगितलं, लॅपटॉप कुरिअरनं पाठवा म्हणाले. हुतात्मा एक्स्प्रेसनं परत आले, आईवडिलांच्या जुन्या घरात. घर मोठं, छत उंच आणि सगळीकडे तोच चुन्याचा निळसर पांढरा. बाबांनी एकच अट घातली, भिंती फोडायच्या नाहीत.

इंटरनेटवरची ग्लॅमरस घरं बघून सोलापुरात काही करायला जाल तर फसाल, एवढंच सांगायला लिहितेय. ती घरं बेचाळीस अंश बघत नाहीत. पश्चिमेच्या खिडकीसमोर मोठा आरसा लावायचा नाही, दुपारचं ऊन आख्ख्या खोलीत फिरतं. तोच आरसा उत्तरेच्या खिडकीच्या काटकोनात लावला तर दिवसभर उजेड मिळतो आणि तापत नाही. मखमली पडदे दिसतात राजेशाही, पण आपली धूळ त्यात अशी बसते की झटकताना शिंका. मी सॅटिनच्या विणीचं सुती कापड घेतलं, मागून क्रीम रंगाचं जाड अस्तर दिलं. चमक राहिली, ऊन अडलं, आणि धुता येतं.

पडद्यात खरी श्रीमंती कापडाच्या भावात नसते, ती घेरात असते. रॉड जितका लांब त्याच्या दुप्पट ते अडीचपट कापड लागतं. स्वस्त कापड भरपूर घ्या, महाग कापड कंजूषपणे नको. आणि रॉड खिडकीच्या चौकटीला चिकटून न लावता छताजवळ न्या, पडदा जमिनीला टेकेल इतका सोडा. खिडकी होती तेवढीच राहते, खोली मात्र उंच वाटते.

आणि पिंप. पाणी रोज येत नाही, त्यामुळे आमच्या मधल्या खोलीत निळी पिंपं ओळीनं उभी. कुठल्या मासिकात पिंप दिसतं का? आईला ती हलवायची नव्हती, मला ती दिसायला नको होती, आठवडाभर अबोला. शेवटी सुताराकडून तीन घड्यांची लाकडी चौकट करून घेतली, त्यात जेकार्डचं जुनं कापड ताणून बसवलं. पाहुणे त्या पडदीसमोर उभं राहून फोटो काढतात, मागं आठवड्याचं पाणी आहे हे त्यांना माहीत नसतं. असल्याच तीन-चार पडद्या ओळखीत करून दिल्या आणि त्यातूनच लोक घर बघायला बोलवायला लागले. आता तेच काम करते. पुण्यातून परत बोलावणं आलं होतं, अजून उत्तर दिलेलं नाही.

सात रस्ता, निवृत्त

मला हा धागा पटलेला नाही, तरी लिहितो. नोकरी गेल्यावर हातात येते ती रक्कम शेवटची असू शकते, हे कुणी बोलत नाही. ग्रॅच्युइटीचं गणित सोपं आहे: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. आधी हे स्वतः करून बघा, मग रंगाचं दुकान. आमच्या ओळखीतल्या एकानं फंडाचे पैसे आल्या आल्या पीओपीचं छत आणि झुंबर केलं. झुंबर अजून आहे, मुलाची फी उसनी.

आणि धंदा म्हणून करणार असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्याच्या दारात उभं राहू नका.

विडी घरकुल, कुंभारी

आमचं घरचं बोलणं तेलुगू, मराठी इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या. मुलीनं टाइप करून दिलंय.

आमच्या यजमानांचे माग मालकानं विकले. मी विड्या वळते, ते चालूच आहे, पण विड्यांवर घर किती चालतं ते वळणाऱ्या बाईलाच ठाऊक. घर लहान. आमच्यात शोकेस असतंच बगा, स्टीलचे डबे, पितळेचे हंडे, सगळे एकावर एक, आरशासारखे घासलेले. आल्या माणसाला आधी तेच दिसतं. यजमान घरी बसले तेव्हा मला वाटलं, आता ते हंडे विकायची पाळी येणार. मुलगी म्हणाली, अम्मा, विकायचं नाही, उलट त्याच्यामागं लाइट लावू. मी म्हटलं, येडी झालीस काय. पण पिवळ्या लाइटची पट्टी लावली आणि मागं काळा कागद, तर आमचं शोकेस सराफाच्या दुकानासारखं दिसायला लागलं. रथोत्सवाला नातेवाईक आले, नारळी पौर्णिमेला येतातच सगळे, बोलणं सगळं शोकेसचंच.

खरं काम साड्यांचं झालं. आमच्याकडं नारायणपेठ, इरकल, लग्नातल्या जरीच्या, सगळ्यांच्या पेटीत पडून असतात. घडीवर विरल्या की बोहारणीला देतात आणि एक पातेलं घेतात. मुलगी शिवण शिकलेली. ती काठ आणि पदर काढून उशांचे अभ्रे करायला लागली. रेशीम विरलेलं असतंय, नुसतं शिवलं तर शिवणीवर फाटतं, म्हणून आधी मागं सुती कापड चिकटवून, धावदोरा घालून मग मशीनवर. चेन खालच्या बाजूला, काठ समोर. घडीची रेघ येईल तिथं ती गोटा लावते, मग ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं. जुनी खरी जरी असंल तर मात्र कापायच्या आधी सराफाला दाखवा, त्यात चांदी असते, अभ्र्यापेक्षा जास्त पैसे मिळतील.

लोक स्वतःच्या आईची साडी आणून देतात. एक बाई अभ्रे न्यायला आली आणि इथंच रडत बसली, तिला चहा करून दिला. पैसे मुलगी साडी आणून दिल्यावरच अर्धे घेते, कारण करून झाल्यावर माणसं घासाघीस करतात. यजमान आता कापायला बसतात. आधी "बायकांचं काम" म्हणायचे, आता कात्रीला आम्हाला हात लावू देत नाहीत.

सात रस्ता काका, तुमचं खरं आहे, पण शिलाईवाल्यांनी विश्वकर्मा योजनेचं बघावं. शिंपीकाम त्यात बसतं. अवजारांना १५,००० रुपयांपर्यंत मिळतात आणि पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, पाच टक्क्यांनी. मुलीनं फॉर्म भरलाय.

मंडप डेकोरेशनवाला, विजापूर रोड

२०२० साली आमचं काय झालं हे सांगायला नको. लग्नच नाही तर मंडप कुठला बे. गोडाऊनमध्ये टिकल्यांचं कापड, सॅटिनच्या झालरी, खोटी झुंबरं, सगळं उंदरांच्या हवाली. पोरं गावी गेली. मग एकानं विचारलं, घरातल्या घरात साखरपुडा आहे, पंधरा माणसं, हॉलला काहीतरी कर. एका भिंतीला पडदा, वर झालर, कोपऱ्यात दोन कमानी. दोन तासांत घराचं कार्यालय झालं. तिथून घरगुती कामं सुरू झाली ती आता लग्नं परत आली तरी चालूच आहेत, गौरी-गणपतीत तर मंडपापेक्षा जास्त.

लाइटचं एक सांगतो, सगळे तिथंच मार खातात. ग्लॅमर पाहिजे म्हणून लोक निळ्या-जांभळ्या पट्ट्या लावतात आणि घर ट्रॅव्हल्स बस होऊन जातं. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळा घ्या, खोक्यावर लिहिलेलं असतं. पट्टी कधी डोळ्याला दिसायला नको, छताच्या खाचेत किंवा कपाटाच्या वर लपवा, भिंतीवर फक्त उजेड पडला पाहिजे. ॲडॉप्टर बंद खोक्यात कोंबू नका, आपल्या उन्हाळ्यात तो आधीच तापलेला असतो.

अशोक चौक

थोडक्यात लिहितो, पाळी गाठायची आहे. चादर कारखान्यात सुपरवायझर होतो, आता दुसरीकडे अर्ध्या पगारावर. उरलेल्या वेळात सेकंडच्या चादरी घेऊन पलंगाच्या मागच्या गाद्या करतो, म्हणजे ते हेडबोर्ड. एखादा धागा तुटला किंवा डाग पडला की चादर सेकंडमध्ये जाते, बाकी माल तोच. आपल्या चादरीची गंमत अशी की दोन्ही बाजूंनी वापरता येते, रंग उलटे होतात. समोर मरून जमिनीवर सोनेरी नक्षी, मागं सोनेरीवर मरून. त्यामुळं एकाच चादरीतून हेडबोर्ड एका रंगाचं आणि खुर्चीची गादी दुसऱ्या रंगाची निघते, आणि तरी जोडी दिसते. कापलं की कडा लगेच ओव्हरलॉक करा, नाहीतर धागे निघत राहतात. आणि कापायच्या आधी धुऊन घ्या, नंतर आटलं की गादीवर बसत नाही.

विकताना "सोलापुरी" म्हणायचं असेल तर माल खरंच इथला पाहिजे. चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. पानिपतचं कापड लावून सोलापुरी म्हणून विकणारे इथेही आहेत, त्यांनी हा धागा वाचला तर बरं.

धागाकर्ती

सात रस्ता काका, तुम्ही लिहिलंत ते वरच हलवावं असं वाटतंय, आधी गणित मग रंग. पण झुंबराचा दोष सगळ्या भिंतींवर टाकू नका. माझी ती मोरपंखी भिंत एका डब्यात झाली, समया घरच्याच. उलट नंतर दोन युनिटचे हिशेब घरबसल्या मिळाले, आणि व्हिडिओ कॉलला मी त्याच भिंतीसमोर बसते. समोरच्याला बाई घरी बसलेली आहे असं वाटत नाही.

कुंभारीच्या ताई, माझ्याकडे सासूबाईंची नारायणपेठ आहे, घडीवर गेलेली. खरी जरी की टेस्टेड, म्हणजे नकली, ते आधी बघून घेते, मग येते.

साखर पेठ अण्णा, कोयरी सोडून मोराचा ग्राफ आहे का तुमच्याकडे? देवघराच्या मागच्या भिंतीसाठी पाहिजे, साधारण चार फूट उंच.

साखर पेठ, पूर्वीचा ग्राफवाला

आहे. समोरासमोर दोन मोर, मधे कमळ. भिंतीला पुट्टी झालेली पाहिजे आणि ओल नको, पावसाळ्यात डाग कुठं येतो ते आधी फोटो काढून पाठवा. गौरीच्या आधी करायचं असेल तर आत्ताच सांगा, श्रावणात माझ्याकडे नंबर लागत नाही.