वास्तुशांतीला मुखवटा गिफ्ट दिला, चुकलं का?

सिडकोचा_सम्या: मित्राने इंदिरानगरला फ्लॅट घेतला, मी श्रीलंकेहून आणलेला नागराक्षसाचा मुखवटा दिला. अंबलंगोडाचा, हलक्या लाकडाचा, डोक्यावर फणे, डोळे बाहेर. तिकडे दृष्ट लागू नये म्हणून घरात लावतात. काकूंनी बघितला आणि थेट माळ्यावर! आपण काय जन्मभर भिंतीवरची घड्याळंच देत बसायची का?

माहेरवाशीण_नाशिकची: काकूंचं बरोबर आहे. रात्री पाणी प्यायला उठलं की ते तोंड कोणाला दिसणार, तुला का? गिफ्ट घेणाऱ्याच्या घराचं बघून द्यायचं, आपली ट्रिप दाखवायला नाही.

गोदाकाठ: अहो पण बिल्डिंगचं काम चालू असतं तेव्हा वर राक्षसाचं तोंड टांगतातच की, ते चालतं? आपला राक्षस चांगला आणि परदेशी वाईट, असं कसं.

सुरगाण्याचा_पोर: मला वेगळंच खटकतं. आमच्याकडे बोहाड्यात, म्हणजे गावच्या मुखवटे घालून नाचायच्या उत्सवात, मुखवटा म्हणजे सोंग, रात्री टेंभ्यांच्या उजेडात संबळावर नाचतं, आधी पूजा होते मग चढवतात. गेल्या वर्षी एक जण गाडी घेऊन आला, म्हणे जुनं रावणाचं द्या, हॉलमध्ये लावतो, किती घेणार? आजोबांनी चहा पाजला आणि वाटेला लावलं. २०१३ ला पॅरिसमध्ये अमेरिकेतल्या होपी लोकांचे पवित्र मुखवटे लिलावात काढले, ते लोक नको नको म्हणत होते तरी विकले. त्यांच्यासाठी ती वस्तू नाहीच, जिवंत आहेत. शेवटी एका संस्थेने त्यातले काही विकत घेऊन परत दिले म्हणा, पण सगळे नाही.

गोदाकाठ: मान्य, पण सम्याने कोणाचा देव नाही ना उचलून आणला. दुकानात विकायलाच केलेला होता. बंगालमधल्या पुरुलियाचं चडिदा गाव छाऊ नाचाचे मुखवटे करून पोट भरतं, २०१८ ला जीआय टॅगपण मिळाला. कोणी घेतलंच नाही तर कारागिरांनी काय करायचं?

सुरगाण्याचा_पोर: विकायला केलेलं घ्या की, कोण नको म्हणतंय. नाचलेलं मागू नका एवढंच.

माहेरवाशीण_नाशिकची: आणि देण्याआधी फोटो पाठवून विचारा! दोन मिनिटं लागतात.

सिडकोचा_सम्या: अपडेट. मुखवटा माळ्यावरून उतरला, आता गॅलरीत बाहेर तोंड करून लावलाय. खाली काकूंनी लिंबू-मिरची बांधलीये.