मदत हवी आहे : ‘हेल, सीझर!’मध्ये माझे काय निसटले?

अमेरिकी दिग्दर्शक कोएन बंधूंचा ‘फार्गो’ हा चित्रपट मला जवळजवळ तोंडपाठ आहे; त्यामुळे त्यांचा २०१६चा ‘हेल, सीझर!’ पाहून पदरी निराशा आली, हे लिहिणे जड जाते. रेफ फाइन्सने साकारलेला दिग्दर्शक काउबॉयच्या भूमिकांत रुळलेल्या नटाकडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोटून घेतो, तो प्रसंग लाजवाब आहे. मात्र जॉर्ज क्लूनी, स्कार्लेट जोहान्सन अशी मातब्बर मंडळी येतात, आपापला तुकडा रंगवतात आणि निघून जातात. कथा काही केल्या एकजीव होत नाही. (चॅनिंग टेटमचा खलाशांचा नाच तेवढा झकास.) १९५१च्या हॉलिवूडमधील स्टुडिओंचा कारभार आणि कम्युनिस्ट पटकथालेखकांचे संदर्भ ठाऊक नसल्याने असे झाले असेल का? दुसऱ्यांदा पाहण्यापूर्वी त्या काळातले कोणते चित्रपट पाहावेत, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.