मित्र सगळे पुण्यातच आहेत, पण भेट सोलापुरातच होते. तुम्ही कसं जमवता?

खराडीचा_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. मी मूळ सोलापूरचा, नोकरीमुळे खराडीला राहतो. शाळेतला आमचा ग्रुप जवळपास सगळा पुण्यातच आलाय, कोण वाकड, कोण हिंजवडी, एकजण कोथरूडला अन् एक सदाशिव पेठेत एमपीएससी करतोय. तरी निवांत भेट होते ती फक्त संक्रांतीला गड्ड्याला म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेला गेलो की, तिथं अक्षता सोहळ्याला बाराबंदी (पांढरा पारंपरिक अंगरखा) घालून सगळे हजर असतात. इथं मात्र ग्रुपवर "शनिवारी बसू बे" ठरतं अन् शनिवारी दुपारपर्यंत एकेक गळतो, कुणाची शिफ्ट, कुणाचं पोरगं आजारी, अन् खराडीवरून वाकडला संध्याकाळी जायचं म्हणजे ट्रॅफिकमध्येच जीव जातो.

दुसरं म्हणजे पेठेतला मित्र हल्ली येतच नाही. हॉटेलचं नाव काढलं की टेस्ट सिरीज आहे म्हणतो. मागच्या वेळी बिल वाटून घेतलं तेव्हा त्याने लगेच पैसे पाठवले पण नंतर गप्प गप्प होता. तुझं आम्ही भरतो म्हटलं तर त्याला ते लागतं. त्याला तुटू द्यायचं नाहीये मला, दहावीपर्यंत एका बाकावर बसलोय आम्ही. काय करावं?

अभ्यासिकेतला
भावा, मी पण पेठेतच तयारी केलीय म्हणून सांगतो. घरून येणाऱ्या पैशात कॉटचं भाडं, मेस, अभ्यासिकेची फी, पुस्तकं, टेस्ट सिरीज एवढं बसवायचं असतं, त्यात तुमच्या हॉटेलचं एक बिल म्हणजे आठवडाभराची मेस गेली. आणि वडिलांनी सोयाबीन विकून पाठवलेले पैसे पार्टीत घालवायला जीव होत नाही. तू त्याला बोलवू नको, तू त्याच्याकडे जा. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, पोरं त्या दिवशी वडापाव, पोहे असलं कायतरी खाऊन भागवतात, बरोबर तेव्हाच जा. अभ्यासिकेखाली चहा घ्या, सारसबागेपर्यंत चालत जा, बास. फक्त रिझल्ट कधी, कटऑफ किती, प्लॅन बी काय हे कुणीच विचारू नका. माझे मित्र यायचे ते क्रिकेटवर बोलायचे, शाळेतल्या सरांच्या नकला करायचे, त्या दोन तासांवर माझा पुढचा आठवडा जायचा.

बार्शीची_लेक
सगळ्यांना जमेल असा दिवस शोधत बसलात तर तो येणार नाही. आम्ही मैत्रिणींनी महिन्याचा दुसरा रविवार ठरवून टाकलाय, दोघी आल्या तरी भेट होते, न येणारीला कोणी टोमणे मारायचे नाहीत हा नियम. आणि शक्य असेल तर सकाळी भेटा. तुमच्या वर्गातल्या मुली पण पुण्यात असतील की, रात्री नऊनंतरचे प्लॅन केले की त्या आपोआप बाहेर पडतात, कुणाला हॉस्टेलची वेळ असते, कुणाला घरी सासूबाई अन् लहान बाळ. आम्ही सकाळी पर्वती चढतो, वर बसून डबे उघडतो, अकराला जी ती आपापल्या घरी.

मेट्रोवाला_पिंपरी
ट्रॅफिकचं म्हणशील तर आता मध्यभागीच भेटा की. तू रामवाडीला मेट्रो धर, सिव्हिल कोर्टला बदल, तिथून स्वारगेटकडच्या गाडीने मंडई. वाकड-हिंजवडीवाल्यांनी पिंपरीपर्यंत टू-व्हीलरवर यावं अन् तिथून एकच गाडी थेट मंडईला. कोथरूडवाला वनाजवरून येईल. मंडईवरून सदाशिव पेठ चालत जाण्यासारखी आहे, म्हणजे तुमच्या मित्राचा प्रवासखर्च पण शून्य.

खराडीचा_सोलापूरकर
मनापासून आभार सगळ्यांचे. मेस बंदचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं. त्याला आत्ताच फोन केला, म्हटलं रविवारी संध्याकाळी येतोय, घरून कडक भाकरी अन् शेंगाचटणी येणारे, तुझ्या रूमवरच बसू. आधी टेस्ट सिरीज म्हणाला, मग म्हणतो चटणी जास्त आण, रूममेट पण सोलापूरचाच आहे. भाऊ हुतात्मा एक्सप्रेसने येतोय, त्याच्याजवळ आई सगळं बांधून देणारे. ग्रुपवर टाकलं तर वाकडचे दोघं लगेच हो म्हणाले. बार्शीच्या ताई, तुमचं पण पटलं, सकाळची भेट पुढच्या महिन्यात ठेवतो अन् वर्गातल्या मुलींना आधी विचारूनच दिवस धरतो.

आता एवढंच सांगा, मंडईच्या आसपास चांगलं घट्ट दही कुठं मिळेल? भाकरी चुरून खायची म्हणजे दही पाहिजेच.