शब्दचर्चा: टिलर ‘जाम’ आहे म्हणजे नेमकं काय?

प्रश्न (राजापूर)

नमस्कार मंडळी. जुने पॉवर टिलर, छोटे ट्रॅक्टर आणि पंपाची जुनी डिझेल इंजिनं हौसेने चालू ठेवणाऱ्यांची एक सामायिक नोंदवही आहे. मशीन एका वाडीतून दुसऱ्या वाडीत गेलं की वहीही सोबत जाते. तिच्या बऱ्याच पानांवर एकच शेरा आहे: ‘जाम आहे’. पुढच्याने हात कुठे घालायचा हे त्यावरून कळत नाही. ‘जाम’ऐवजी नेमके शब्द कोणते वापरावेत? शिवाय ‘हवा धरणे’, ‘आटे जाणे’, ‘पाना की पान्हा’ आणि ‘रिस्टोर’ला मराठीत काय लिहावं, यावरही जाणकारांनी सांगावं. ‘गार्डन ट्रॅक्टर’ हा शब्द टिलरला चालेल का?

कुडाळ

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नाही चालणार. गार्डन ट्रॅक्टर हा मूळचा अमेरिकेतला, वर बसून चालवायचा चारचाकी प्रकार. कब कॅडेट 1961 साली आला, जॉन डिअर 110 हा 1963 साली. दोघांवरही सुरुवातीला कोलरचं 7 अश्वशक्तीचं एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं. आपल्याकडे फिरतो तो मागून चालत धरायचा दोनचाकी डिझेल टिलर. बंगळुरूच्या व्हीएसटीने मित्सुबिशीच्या सहकार्याने आणलेला ‘शक्ती’, नाहीतर केरळच्या कॅमकोचा कुबोटाच्या धर्तीवरचा. पहिली कंपनी 1967 ची, दुसरी 1973 ची. पायरीपायरीच्या लहान कुणग्यांत (भाताच्या वाफ्यांत) चारचाकी वळतच नाही, म्हणून इथे टिलर रुजला.

वहीत ‘टिलर’ आणि ‘छोटा ट्रॅक्टर’ असे दोनच शब्द ठेवा आणि त्यांची सरमिसळ करू नका, कारण आतली रचनाच वेगळी आहे. टिलरला ट्रॅक्टरसारखं स्टिअरिंग नसतं. डाव्या-उजव्या मुठीखाली दोन स्टिअरिंग क्लच असतात, आणि ज्या बाजूचा दाबाल त्या चाकाची ताकद सुटते. सपाटीवर डावा दाबला की टिलर डावीकडे वळतो. उतारावर मात्र इंजिन गाडीला मागे ओढत असतं, त्यामुळे डावा दाबला की डावं चाक मोकळं सुटून पुढे धावतं आणि टिलर उजवीकडे जातो. आपल्या घाट्यांवर आणि पाखाडीच्या रस्त्यांवर नवखे इथेच फसतात. म्हणून नुसतं ‘क्लच सैल’ लिहू नका. ‘मेन क्लच’, ‘डावा क्लच’ की ‘उजवा क्लच’, ते लिहा.

देवगड

आता ‘जाम’. या एका शब्दाखाली निदान चार वेगळे आजार लपतात, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. शब्द चुकला तर चांगला भाग फुटतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक चाचणी. डिकॉम्प्रेशनचा खटका (व्हॉल्व्ह उघडा धरून सिलिंडरमधला दाब सोडणारा) उचला, गेअर न्यूट्रलला ठेवा, इंजिन आणि गेअरबॉक्समधले व्ही-पट्टे उतरवा आणि फ्लायव्हील हाताने फिरवून बघा. पट्टे उतरवल्यावर ते मोकळं फिरलं तर इंजिन निर्दोष आहे, दोष पुढे आहे. तिथे ‘इंजिन जाम’ लिहिणं चूकच. ‘गेअर अडकला’ किंवा ‘क्लच चिकटला’ लिहा. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या टिलरमध्ये क्लचच्या प्लेटा गंजून एकमेकींना चिकटतात. तेव्हा लिव्हर ओढली तरी ताकद सुटत नाही आणि गेअर टाकताना दातांचा करकर आवाज येतो.

फ्लायव्हील अजिबात हलत नसेल आणि मशीन उभं राहून बिघडलं असेल तर चिकटलं. म्हणजे पिस्टनच्या रिंगा गंजाने लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) धरून बसल्या आहेत.

चालता चालता गरम होऊन, तेल किंवा पाणी संपून थांबलं असेल तर सीझ झालं. पिस्टनचं ॲल्युमिनियम लायनरवर घासून माखलेलं असतं किंवा कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वितळलेलं असतं. इथे तेल ओतून आठवडाभर वाट बघण्यात अर्थ नाही. हेड काढून पिस्टन बाहेर घ्यावाच लागतो.

थोडं फिरून एका ठरावीक जागी ठक्कन थांबत असेल तर अडतं म्हणा. व्हॉल्व्ह उघडा राहून पिस्टनला लागतोय, पुशरॉड वाकलाय किंवा आत एखादा नट पडलाय. अडतं त्या जागी फ्लायव्हीलवर आणि बॉडीवर समोरासमोर खडूची रेघ मारा, दुसऱ्या दिशेने फिरवून पुन्हा अडेल तिथे दुसरी. या दोन रेघा वहीत काढून ठेवल्या की पुढच्याचं निम्मं निदान तिथेच होतं.

‘चिकटलं’वरचा उपाय कोकणात सगळ्यात जास्त लागतो. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढा. डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून त्या भोकातून सिलिंडरमध्ये सोडा. पण या टिलरांची सिलिंडरं आडवी असतात हे विसरू नका. तेल खालच्या बाजूला साचतं आणि वरच्या अर्ध्या भागातल्या रिंगा कोरड्याच राहतात. मग चार दिवसांनी हिसका दिला तरी हलत नाही आणि दोष तेलाला दिला जातो. त्यासाठी इंजिन चौकटीवरून उतरवून हेड वर येईल असं उभं करा किंवा सरळ हेड काढून वरच्या कडेला तेल पोचवा. उभं करण्याआधी टाकीतलं डिझेल, रेडिएटरचं पाणी आणि क्रँककेसचं तेल काढून घ्या.

तीन-चार दिवसांनी फ्लायव्हील आळीपाळीने दोन्ही दिशांना रेटा. सुताभराने हललं तरी पुरे. हललं की पुन्हा तेल द्या. फ्लायव्हीलच्या कडेवर घण मारू नका. ते बिडाचं असतं, तडा जातो, आणि तसलं फ्लायव्हील वेगात फुटलं तर जीव घेतं. सुटल्यावर लगेच स्टार्ट करायचं नाही. आधी आतलं सगळं तेल फिरवून बाहेर काढा, कारण पिस्टनपुढे तेल साचलं असेल तर ते दाबलं जात नाही, रॉड वाकतो.

राजापूर

फारच उपयोगी. पण ‘चिकटू नये’ यासाठी जे करतात त्याला काही शब्द आहे का?

देवगड

‘मिटवून ठेवणे’ म्हणतात, आणि ते बरोबर आहे. फ्लायव्हील हळूहळू फिरवत कॉम्प्रेशनचा जोर लागेपर्यंत आणायचं आणि तिथेच सोडायचं. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला. वहीत ‘मिटवून ठेवलं’ एवढं लिहिलं तरी पुढच्याला कळतं.

दापोली

गंजाच्या शब्दांतही फरक करायला हवा. ‘गंज चढला’ म्हणजे वरवर, घासून जाईल. ‘पोपडे सुटले’ म्हणजे थर झाले. ‘गंजाने खाल्लं’ म्हणजे धातूच गेला, मोजून बघा. खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या) जमिनीत चिखलणी केलेल्या रोटरीला (टिलरमागच्या फिरत्या पात्यांच्या भागाला) हा तिसरा शेरा फार लवकर लागतो. काम संपताच गोड्या पाण्याने धुतलं नाही तर मीठ बोल्टांच्या फटीत बसतं आणि वरून रंग छान दिसत असताना आतून काम करत राहतं.

‘गंज उतरवणे’ हा शब्द वीज लावून करायच्या कामासाठी राखून ठेवावा, असं सुचवतो. प्लॅस्टिकच्या टबात 20 लिटर पाण्याला सुमारे 100 ग्रॅम धुण्याचा सोडा. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक साध्या लोखंडी पत्र्याला, आणि दोघे एकमेकांना टेकता कामा नयेत. उलटं जोडलं तर तुमचाच भाग खाल्ला जाईल. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी घेऊ नका, मिठामुळे क्लोरीन सुटतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हे काम पडवीत किंवा अंगणात करा, बंद खोलीत हायड्रोजन साठतो. ॲल्युमिनियम या टबात घालू नये, सोडा त्याला खातो. स्प्रिंगाही नकोत, ठिसूळ होतात. नवीन प्रकारचे चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत, त्यामुळे जुना साधा चार्जर लागतो.

बाहेर काढलं की धुवा, उन्हात कडकडीत वाळवा आणि लगेच प्रायमर किंवा तेल लावा. जूनच्या हवेत उघडं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस दिसायला लागतं. म्हणून हे काम एप्रिल-मेचं.

मालवण

‘हवा धरणे’ हा शब्द आहे तसा ठेवा, त्याहून चांगला मिळणार नाही. रत्नागिरीकडे ‘हवा धरलान’, आमच्याकडे ‘हवा धरल्यान’. अर्थ एकच: डिझेलच्या वाटेत हवेचा बुडबुडा आहे. पंप तो बुडबुडाच दाबत बसतो आणि नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. टाकी कोरडी पडली, फिल्टर बदलला किंवा नळीचं वायसर (वॉशर) चेपलं की हे होतं. चढावर टाकीत तळाला डिझेल असलं तरीही.

काढायची पद्धत टाकीपासून पुढे पुढे, क्रम मोडायचा नाही. टाकी भरा, कॉक उघडा. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा आणि फेस थांबून डिझेलची अखंड धार आली की आवळा. मग पंपाच्या तोंडाशी तेच. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या जाड नळीचा नट अर्धा फेरा सैल करून, डिकॉम्प्रेशन उचलून हँडल फिरवा. डिझेल थेंबाथेंबाने उसळलं की नट आवळा. पुन्हा फिरवल्यावर नोझलमधून ‘कुर्रर्र’ आवाज आला की हवा गेली. त्या आवाजाला ‘नोझल बोलतं’ म्हणा, हा शेराही वहीत हवा. आवाज बघण्यासाठी नोझल बाहेर काढून फिरवणार असाल तर समोर हात धरू नका, ती फवार कातडीच्या आत शिरते आणि ते थेट ऑपरेशनचं प्रकरण असतं.

हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर मूठ सुटून जाते. अंगठा पलीकडून वळवलेला असेल तर मनगट जातं.

चिपळूण

‘आटे’ हा शब्द बहुतेक जण बरोबर वापरतात, पण तीन शेरे वेगळे हवेत. ‘आटे भरले’ म्हणजे माती, रंग, गंज. टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ होतील. ‘आटे गेले’ म्हणजे झिजले, नवीन पाडावे लागतील. आणि ‘आटे जुळत नाहीत’ म्हणजे दोन्ही चांगले, पण जातच वेगळी.

तिसऱ्यात सर्वांत जास्त नुकसान होतं. जपानी धर्तीच्या मशीनवर 10 मिमीचा बोल्ट बऱ्याचदा 1.25 मिमी अंतराच्या आट्यांचा असतो, आणि बाजारात सहज मिळतो तो 1.5 चा. दोन फेरे जातो, मग जड होतो. पाना लावून रेटला की ॲल्युमिनियमच्या बॉडीतले आटे बाहेर येतात. पंपाच्या जुन्या इंग्रजी वळणाच्या इंजिनांवर व्हिटवर्थ आटे असतात. अर्ध्या इंचाचा बोल्ट व्हिटवर्थमध्ये इंचाला 12 आट्यांचा आणि अमेरिकन 13 चा, दिसायला भाऊ-भाऊ. नियम एकच: बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे, पाना फक्त आवळायला.

मापांबद्दलही एक गोष्ट. आपल्याकडे ‘सूत’ म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिमीच्या आतबाहेर. ‘थाउ’ म्हणजे इंचाचा हजारावा. बोल्ट, पट्टी, पाइप सुतात लिहा, चालेल. लायनरची झीज आणि पॉइंटचं (पेट्रोल इंजिनात ठिणगीसाठी उघडमीट करणाऱ्या संपर्काचं) अंतर मात्र सुतात लिहूच नये. वर आलेल्या कोलर इंजिनाचा पॉइंट 20 थाउचा, प्लग 25 थाउचा. मिमीत ते अनुक्रमे सुमारे 0.5 आणि 0.63.

पाना लिहा. पान्हा गाईला फुटतो.

कुडाळ

एक शेरा राहिला: ‘तेल दुधाळ’, म्हणजे रोटरीच्या पेटीतल्या तेलात पाणी. रोटरीच्या शाफ्टवर पेंढा, सुंभ, प्लॅस्टिकची दोरी गुंडाळली जाते आणि ऑइल सीलच्या ओठाखाली घुसते. सील फाटतं, चिखलाचं पाणी आत जातं, तेल दुधाळ होतं. अशा वेळी नुसतं तेल बदललं तर दोन कुणगे झाल्यावर पुन्हा तेच. शाफ्ट बाहेर काढून सील बसतं तिथे नख फिरवा. नखाला खाच लागली तर नवीन सीलही टिकणार नाही. सील एक-दोन मिमी आत-बाहेर बसवायला जागा असेल तर ते खाचेवरून सरकवून बसवा, नाहीतर शाफ्टवर बाही (स्लीव्ह) चढवून घ्या. पाती परत लावताना डावी-उजवी क्रमाने आणि धार फिरण्याच्या दिशेला. उलटी लागली तर टिलर जमिनीत न शिरता वर उड्या मारतो, आणि तो दोष उगाच गेअरबॉक्सवर जातो.

दापोली

‘रिस्टोर’बद्दल. ‘जीर्णोद्धार’ देवळाला शोभतो, मशीनला जड वाटतो. ‘दुरुस्ती’ फार मोघम आहे. माझ्या मते एका शब्दाचा हट्ट सोडून पायऱ्या लिहाव्यात: ‘चालू केलं’ (इंजिन धरतं, पण शेतात नेलेलं नाही), ‘कामाला लावलं’ (एक हंगाम चिखलणी झाली) आणि ‘मूळ रूपात आणलं’ (भाग, रंग, नटबोल्टांची जात सगळं मूळचं). तिसरा शेरा सहजी देऊ नये. बाजारातलं चालणारं कार्बुरेटर बसवलं असेल तर मशीन उत्तम चालेल, पण ते मूळ रूप नव्हे, आणि मूळ कार्बुरेटर कुठे ठेवलंय हे वहीत आलंच पाहिजे.

चिपळूण

तिन्ही मान्य. पेट्रोलवाल्या छोट्या ट्रॅक्टरांसाठी चौथा घाला: ‘टाकी रिकामी करून ठेवलं’. हल्लीचं इथेनॉलमिश्रित पेट्रोल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. चार महिने टाकीत राहिलं तर पाणी-इथेनॉल तळाला वेगळं बसतं, आणि जुनी रबरी नळी फुगून तिचा चिकट कचरा कार्बुरेटरच्या जेटमध्ये (बारीक भोकात) अडकतो. टाकी रिकामी करा, कॉक बंद करा, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, मग कार्बुरेटरच्या वाटीचा स्क्रू उघडून उरलेले थेंबही सोडा. शेऱ्यासोबत तारीख लिहायला विसरू नका.