स्प्रिंगची मापे बरोबर, तरीही जोर कमी का?

प्रश्न (रबाळे, नवी मुंबई):
आमच्या लहानशा कारखान्यात एका झडपेसाठी कॉम्प्रेशन (दाबली जाणारी) स्प्रिंग लागते. ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास २० मिमी, पोलादी तार २ मिमी, मोकळी (न दाबलेली) लांबी ६० मिमी, एकूण वेटोळी १० आणि टोके बंद व ग्राइंड केलेली असे दिले असून सगळ्या मापांना सरसकट ±०.१ मिमी टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लावला आहे. नव्या लॉटमध्ये व्यास आणि लांबी व्हर्नियरवर बरोबर भरतात, वेटोळीही दहाच आहेत. परंतु ४० मिमीपर्यंत दाबल्यावर ६८ न्यूटन जोर मिळायला हवा, तो जेमतेम ६१ मिळतो. ड्रॉइंगवर जोर लिहिलेलाच नाही, असे म्हणून पुरवठादार माल परत घेत नाही. चूक नेमकी कोणाची?

उत्तर (वागळे इस्टेट, ठाणे):
राग मानू नका, पण पुरवठादाराचे म्हणणे बरेचसे खरे आहे. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, मध्यव्यासाच्या तिसऱ्या घाताने घटतो आणि कार्यरत वेटोळी जितकी जास्त तितका कमी होतो. तुमचा मध्यव्यास, म्हणजे बाहेरच्या व्यासातून तारेची जाडी वजा करून, १८ मिमी आहे आणि कार्यरत वेटोळी आठच, कारण टोकांची दोन नुसती टेकण्यापुरती असतात. त्यावरून दर मिलिमीटरला सुमारे ३.४ न्यूटन येतात. आता तार १.९५ मिमी निघाली, तर बाहेरचा व्यास तोच राहूनही जोर दहा टक्क्यांनी पडतो, आणि तरीही ती तार तुमच्या ±०.१ मध्ये बसते! एकदा ती मायक्रोमीटरवर मोजून पाहा.

उलट मोकळ्या लांबीला ±०.१ मागणे हा निव्वळ हट्ट आहे. ताण काढण्यासाठी उष्णता देताना आणि पूर्ण दाबून बसवताना लांबी हलतेच, आणि एक मिमीच्या फरकाने जोर पाच टक्केच बदलतो. '४० मिमीला ६८ न्यूटन' हे टॉलरन्ससह ड्रॉइंगवर लिहा आणि मोकळी लांबी किंवा वेटोळी यांपैकी काहीतरी पुरवठादारावर सोडा. सगळी मापे बांधून वर जोरही बांधलात, तर त्याला पिळायला एकही खुंटी उरत नाही. ईएन १५८०० या युरोपीय मानकात, म्हणजे पूर्वीच्या जर्मन डीआयएन २०९५ मध्ये, टॉलरन्सचे तीन दर्जे दिलेले आहेत; त्यांतला कोणता हवा तेही नमूद करावे.

उत्तर (महापे, नवी मुंबई):
स्प्रिंग भोकात बसते का? दाबताना वेटोळी आडवी होत जातात आणि बाहेरचा व्यास वाढतो. तुमच्या मापांना २० मिमी या सॉलिड लांबीपर्यंत, म्हणजे सगळी वेटोळी एकमेकांना टेकेपर्यंत, ही वाढ साधारण ०.१३ मिमी होईल. व्यासाचा टॉलरन्स भोक पाहूनच ठरवावा.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. तीन स्प्रिंग घेऊन तार मायक्रोमीटरवर मोजली: १.९५, १.९५ आणि १.९६. भोक २०.५ मिमीचे आहे, त्यामुळे व्यासाला वरच्या बाजूस ०.२ पेक्षा जास्त सूट देणार नाही. या लॉटचे पैसे मात्र मुकाट्याने द्यावे लागतील.