लाइटखाली येणारा हा काळा किडा भुंगा आहे का ढेकूण?

नागपुरात अंबाझरी तलावाजवळ राहतो. पहिला पाऊस पडला की रात्री ट्यूबलाइटखाली बारके काळे चकचकीत किडे नुसते पडतात, पायाशी काटे असतात, चिरडले तर घाण वास येते. हे काय आहे सांगा ना, पोरगी रोज विचारते.

वऱ्हाडी_किडेवाला:
भुंगा नाही जी. पाठीवर मधात मोठा त्रिकोण दिसते का? अन् पंखाचं टोक पातळ पारदर्शक? मग हा सिडनिडी कुळातला, म्हणजे जमीन खोदणारा ढेकूण. समोरच्या पायाचे काटे माती उकरायलाच आहेत, खाली राहून मुळांचा रस शोषते. चावून खात नाही, तोंडाच्या जागी सोंड असते. वास येते ती ग्रंथीमुळे, याचे चुलतभाऊ म्हणजे तुरीवरचे ढाली ढेकूण, दोघं एकाच महाकुळातले, पेंटाटोमॉइडिया.

तुळशीबाग:
मग याचा जीनस, म्हणजे कुळातला जवळच्या जातींचा गट, सिडनसच ना? कुळाचं नाव त्यावरूनच आहे म्हणून विचारलं.

वऱ्हाडी_किडेवाला:
नाव तिथूनच, हाव. सिडनस फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने 1803 मध्ये मांडला, कुळ बिलबर्ग या शास्त्रज्ञाने 1820 मध्ये. पण तेव्हा काळं अन् काटेरी दिसलं की सिडनसमध्ये टाकून देत, मंग हळूहळू कितीतरी जाती काढून दुसऱ्या जीनसमध्ये नेल्या. आपल्याकडची पिग्मियस नावाची जात घ्या, डॅलस या शास्त्रज्ञाने 1851 मध्ये एथस जीनसमध्ये ठेवली, मंग जिओटोमस, मंग फ्रोमुंडस. म्हणून फोटोवरून जीनस सांगणार नाही, डोक्याच्या कडेचे केस-काटे भिंगाखाली बघाच लागते.

मूळ प्रश्नवाला:
त्रिकोण आहे! पोरीने भिंगातून पायलं, लई खुश झाली.