जुनी डिझेल एसयूव्ही: गरम झाल्यावर सेल्फ जड, रात्री घाटात काटा वर, गिअर टाकताना टक

कोथरूड_डिझेल:
नमस्कार मंडळी, गाडी २००५ ची टर्बो डिझेल एसयूव्ही आहे, कॉमन रेल नाही, जुनं मेकॅनिकल पंपवालं इंजिन, एमएच १२ पासिंग. कंपनीचं नाव टाकत नाही कारण तक्रार कंपनीची नाही, गाडीच्या वयाची आहे.

त्रास तीन आहेत. सकाळी थंडीतसुद्धा सेल्फ (इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर) बरा फिरतो, पण साताऱ्याहून येताना खेड शिवापूरला चहाला थांबलो की नंतर सेल्फ इतका जड फिरतो की आता काही गाडी चालू होत नाही असं वाटतं. बॅटरी नवीन टाकली, काही फरक नाही. दुसरं म्हणजे रात्री कात्रज चढताना टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या बराच वर जातो, दिवसा त्याच घाटात एसी लावला तर थोडा हलतो पण एवढा नाही. तिसरं, रिव्हर्स टाकून क्लच सोडला की खालून टक असा आवाज येतो, पहिल्या गिअरला पण येतो.

गॅरेजवाला म्हणतोय सेल्फ बदला, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) बदला, रेडिएटर नवीन टाका आणि हेड गॅस्केटचं (इंजिनचा ब्लॉक आणि हेड ह्यांच्या मधलं सील) पण काम निघेल. तो आकडा ऐकून बाबा म्हणाले विकून टाक. मला विकायची नाहीये, आईचे गुडघे दुखतात आणि तिला ह्याच उंच सीटवर चढउतर नीट करता येते, बाकी गाड्यांत ती बसायलाच नको म्हणते. सुरुवात कुठून करू?

मल्टिमीटर_हडपसर:
दादा आधी काहीही बदलू नका. तुम्ही स्वतःच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लिहिलीये, काटा रात्री जास्त वर जातो. रात्री हवा गार असते, मग इंजिन जास्त का तापेल? रात्री वेगळं काय असतं तर हेडलाइट. गाडी गरम करा, सपाटीवर उभी करून चालू ठेवा, काट्यावर नजर ठेवा आणि हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर सगळं एकदम लावा. त्याच क्षणी काटा वर सरकला आणि बंद केल्यावर लगेच खाली आला तर ते पाणी तापणं नाही. आठ-दहा लिटर कूलंट एका सेकंदात तापतही नाही आणि गारही होत नाही. तो अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे.

ह्या जुन्या गाड्यांत टेम्परेचरच्या सेंडरला (इंजिनवरचा तापमान मोजणारा सेन्सर) एकच वायर असते आणि त्याचं अर्थिंग इंजिन ब्लॉकमधून मिळतं. मीटरचं अर्थिंग बॉडीला. ब्लॉक आणि बॉडी जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी असते ती पावसाळ्यांत हिरवी पडते, बोल्टखाली गंज चढतो, मग लाइटचा करंट तिथून परत जाताना अडतो, ब्लॉक आणि बॉडीत व्होल्टेजचा फरक पडतो आणि मीटरला वाटतं इंजिन तापलं.

आणि सेल्फला तर खराब अर्थिंगचा जास्त त्रास होतो, त्याचा करंट ब्लॉकमधून बॅटरीच्या निगेटिव्ह केबलनं परत जातो. डिझेलचा सेल्फ २००-३०० अँपिअर खेचतो. अर्थिंगमध्ये फक्त ४ मिलिओहम जास्त आले तरी ३०० अँपिअरला १.२ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात, मग बॅटरी कितीही नवीन असू दे. गरम झाल्यावर केबलचा आणि सेल्फच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स अजून वाढतो म्हणून गरम गाडीत जास्त जाणवतं.

मीटर असेल तर २० व्होल्ट डीसीवर लावा, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच), दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ लोखंडावर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ च्या आत आलं तर अर्थिंग ठीक. मीटर नसेल तर त्याहून सोपं, जम्पर केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून ब्लॉकला थेट लावा आणि गरम गाडीत सेल्फ मारा. झटक्यात फिरला तर उत्तर मिळालं.

अल्टरनेटरचं पण बघून घ्या, गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ यायला पाहिजे आणि लाइट ब्लोअर लावून १३.५ च्या खाली जाता कामा नये. आणि कृपा करून चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासू देऊ नका कोणाला, ही जुनी सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे, व्होल्टेज उसळतं आणि चांगल्या अल्टरनेटरचे डायोड जातात.

घाटवाट_भोर:
वरचं बरोबर आहे पण नुसतं अर्थिंग म्हणून सोडून देऊ नका, दिवसा एसी लावून काटा हलतो म्हणताय म्हणजे थोडं खरं तापणं पण असू शकतं. पुढची जाळी काढा आणि टॉर्च घेऊन एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर ह्यांच्या मधल्या फटीत बघा. वीस वर्षांची माती, किडे, वाळलेली पानं तिथे गच्च बसलेली असतात, समोरून रेडिएटर स्वच्छ दिसतो आणि मध्ये नमद्यासारखा थर असतो. इंजिनच्या बाजूनं पुढे असं हळू पाणी मारायचं, प्रेशर वॉशर जवळ धरला तर पात्या वाकतात.

नंतर फॅन. इंजिनवर चालणारा व्हिस्कस फॅन (गरम झाल्यावर घट्ट पकडणाऱ्या ऑइलच्या क्लचवरचा) असेल तर गरम गाडी बंद करून, किल्ली काढून, हातानं फिरवून बघा. जड लागला पाहिजे. सुटून दोन-तीन चकरा मारत असेल तर व्हिस्कस गेलं.

हेड गॅस्केटचं म्हणाल तर ते असं बघून सांगता येत नाही. पूर्ण थंड गाडीत रेडिएटरचं झाकण काढून चालू करा, सतत बुडबुडे येत असतील, किंवा झाकण लावून थंड चालू केल्यावर मिनिटाभरात वरचा होज पाइप दगडासारखा कडक होत असेल, कूलंट कमी होत असेल, तरच तो विषय काढायचा. गरम गाडीचं झाकण चुकूनही उघडू नका. आणि बोअरचं पाणी घालू नका, आपल्याकडे टँकरच्या पाण्यानं सोसायटीचे नळ पांढरे होतात तेच रेडिएटरच्या नळ्यांत होतं.

नानापेठ_स्पेअर:
टक आवाज म्हणजे बहुतेक प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा सांधा. न्यूट्रल करा, चाकांना दगड लावा, खाली जाऊन क्रॉसच्या दोन्ही बाजू हातात धरून उलटसुलट पिळा. प्ले (ढिलेपणा) आला किंवा क्रॉसच्या टोकांवरच्या बेअरिंग कपाजवळ तांबूस भुकटी दिसली तर क्रॉस गेला. आधी ग्रीस मारून बघा, निपल असतो त्याला. काढायचा झाला तर शाफ्ट आणि फ्लँज दोन्हीवर पंचनं खूण करून मगच काढा, नाहीतर बसवताना फिरून बसतो आणि ७०-८० ला गाडी थरथरायला लागते. जुना क्रॉस सोबत घेऊन दुकानात जा, एकाच मॉडेलला कपाचे दोन साइज निघतात. क्रॉस ठीक निघाला तर मागचे आर्म बुश बघा.

कोथरूड_डिझेल:
सगळ्यांचे मनापासून आभार. हेडलाइट लावले आणि काटा माझ्या डोळ्यासमोर वर सरकला, बंद केले की खाली, बाबांना पण दाखवलं. खुंटी ते ब्लॉक सेल्फ मारताना १.१ व्होल्ट आले. पट्टीचा बॉडीकडचा बोल्ट खोलला तर खाली नुसता गंज आणि पट्टीच्या अर्ध्या तारा तुटलेल्या. बॅटरीकडून ब्लॉकला येणारी केबल पण लगजवळ (टोकाची बोल्टची कडी) काळी पडलीये. मधल्या फटीतला कचरा काढला, दिवसा आता काटा एसीवर पण हलत नाहीये. झाकण काढून बघितलं, बुडबुडे नाहीत. क्रॉसला प्ले आहे, भुकटी पण आहे. पट्टी आणि केबल कोणत्या जाडीची घेऊ?

मल्टिमीटर_हडपसर:
बॅटरी ते ब्लॉक ३५ स्क्वेअर एमएम तांब्याची घ्या, ५० मिळाली तर उत्तमच. ॲल्युमिनियमची केबल तांब्याचा रंग देऊन विकतात, टोक खरवडून बघूनच घ्या. लग हातोडीनं चेपू देऊ नका, हायड्रॉलिक क्रिम्प करून (मशीननं दाबून) वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) लावून घ्या. ब्लॉक ते बॉडी १६ ची विणलेली पट्टी पुरते. जिथे बसणार तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढा, बोल्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा, आधी नाही. काम करताना निगेटिव्ह आधी काढायचं, लावताना शेवटी. मग परत तेच माप घ्या आणि इथे टाका.

कोथरूड_डिझेल:
५० ची केबल मिळाली, दोन्ही बसवल्या. आता ०.१५ येतंय. गरम गाडीत सेल्फ सकाळसारखाच फिरतो. क्रॉस रविवारी करतोय, खूण करूनच काढतो.